जे पाहिलंस, तेवढंच लिही

गेल्या रमजानमधली गोष्ट. आमची सहरी आणि न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या बहिणीची इफ्तार जवळपास एकाच वेळी येते. इथे पहाटेचे पावणेपाच, तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळ. त्यामुळे रमजानभर आमचे फोन याच वेळी होतात. त्या दिवशी फोनवर बहीण नव्हती, भाची होती. म्हणाली, "खाला, एक निबंध पाठवलाय. तपासून दे. तू शाळेतल्या मुलांचे तपासतेस ना, तसाच. लाल पेनाने."

निबंध इंग्रजीत होता. मी कोकणातल्या एका उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, इंग्रजी माझा विषय नाही. पण इतकी वर्षं निबंध तपासल्यावर एक गोष्ट कुठल्याही भाषेत कळते. मूल कुठे स्वतःचं बोलतंय आणि कुठे गाइडमधलं उतरवतंय, ते लपत नाही.

भाचीला फिजिशियन असिस्टंट, म्हणजे तिकडच्या बोलीत 'पीए' व्हायचं आहे. आपल्याकडे 'असिस्टंट' म्हटलं की कंपाउंडर डोळ्यांसमोर येतो. आमच्या एका नातेवाइकांनी तर "एवढं शिकून डॉक्टरच्या हाताखालीच राबायचं?" असं विचारलंही. म्हणून थोडी माहिती देते. १९६५ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी हा अभ्यासक्रम सुरू केला. देशात डॉक्टर कमी पडत होते. दुसरीकडे नौदलात जखमींवर उपचार करून परतलेले तरुण होते. त्यांचा हात तयार झालेला होता, पण हातात पदवी नव्हती. अशा तरुणांना घेऊन पहिली तुकडी सुरू झाली आणि १९६७ मध्ये तिच्यातले तिघे शिकून बाहेर पडले. आज अमेरिकेत दीड लाखाहून जास्त पीए आहेत. ते रुग्ण तपासतात, निदान करतात, औषधं लिहून देतात, शस्त्रक्रियेत मदत करतात. डॉक्टरांच्या जोडीने काम करायचं, आणि त्यात किती मोकळीक हे राज्याराज्यांत वेगळं. पदवीनंतर साधारण २७ महिन्यांचा अभ्यासक्रम, मग राष्ट्रीय परीक्षा, मग परवाना.

प्रवेशासाठी 'कॅस्पा' नावाची केंद्रीय अर्जव्यवस्था आहे. तिच्यात एक निबंध लिहावा लागतो. मर्यादा ५००० अक्षरांची, शब्दांमधल्या मोकळ्या जागा धरून. प्रश्न एकच: तुम्हाला पीए का व्हायचं आहे? बहुतेक मुलं उत्तरात आपल्या 'शॅडोइंग'बद्दल लिहितात. शॅडोइंग म्हणजे सावलीसारखं मागे राहणं. काम करणाऱ्या पीएबरोबर काही तास, काही दिवस फिरायचं, पाहायचं, ऐकायचं. रुग्णाला हात लावायचा नाही, सल्ला द्यायचा नाही. रुग्णाची प्रत्यक्ष सेवा केलेले तास अर्जात वेगळे मोजतात आणि सावलीचे तास वेगळे.

भाचीचा निबंध मी इफ्तारनंतर वाचायला घेतला. पहिला परिच्छेद आमच्या गावाबद्दल होता. भारतातलं एक दरिद्री खेडं, जिथे डॉक्टर नाही, जिथे आजाऱ्यांना अल्लाहच्या भरवशावर सोडलं जातं, आणि तिथली एक चिमुकली मुलगी मनाशी ठरवते की मी मोठी होऊन लोकांचे प्राण वाचवीन. वाचून मला हसूही आलं आणि रागही. आमच्या गावापासून चार किलोमीटरवर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. ही चिमुकली मुलगी सहाव्या वर्षी विमानात बसली, आणि त्या वयात तिने मनाशी एवढंच ठरवलं होतं की आजीच्या कोंबड्या सोबत न्यायच्या.

दुसऱ्या परिच्छेदात एका आजारी आजींची गोष्ट होती. आजींना इंग्रजी येत नव्हतं. भाचीने म्हणे त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलून दुभाष्याचं काम केलं, त्यांची भीती घालवली, आजींनी तिचा हात धरला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या क्षणी भाचीला आपल्या आयुष्याचा मार्ग सापडला. आजींचं मूळ शहर, अचूक वय, आजार, मुलगा काय करतो, सगळं त्यात होतं.

त्या आजी कोण, कुठल्या, त्यांना काय झालं होतं, हे मी इथे लिहिणार नाही. त्यावाचून हा लेख काही अडत नाही. भाचीचा निबंधही अडत नव्हता, हेच मला सांगायचं आहे.

मी तिला फोनवर विचारलं, "बेटा, हे सगळं असंच झालं?"

थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "साधारण."

हा 'साधारण' शब्द मला चांगला ठाऊक आहे. बी.एड. करत असताना तो मीही वापरला आहे.

आमच्या वेळी बी.एड. एका वर्षाचं होतं. त्या वर्षात सराव पाठ घ्यायचे आणि इतरांच्या पाठांचं निरीक्षणही करायचं. वर्गात मागच्या बाकावर बसून निरीक्षण वही भरायची. प्रस्तावना कशी झाली, हेतुकथन केलं का, फलकलेखन कसं होतं, प्रश्न कसे विचारले, मूल्यमापन झालं का. पाठ टाचणं काढून रात्री जागवलेल्या असायच्या, त्यामुळे निरीक्षणाची वही आम्ही कँटीनमध्ये बसून भरायचो. 'प्रस्तावना उत्तम. फलकलेखन सुवाच्य. प्रश्न विचारप्रवर्तक.' हीच तीन वाक्यं सगळ्यांच्या वहीत. एकदा आमच्या प्राध्यापिकांनी मला बोलावलं, वही पुढे सरकवली आणि शांतपणे म्हणाल्या, "इथे लिहिलंय पाठ छान झाला. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती."

मी जमिनीकडे पाहत उभी राहिले. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुला मार्क मिळाले असते. पण तू एक पाठ बघायला मुकलीस, आणि हे तुला कधीच कळलं नसतं."

त्यानंतर मी मागच्या बाकावर खरंच बसू लागले. तेव्हा दिसलं की चांगल्या शिक्षिकेची नजर फळ्यावर नसते, खिडकीजवळच्या मुलावर असते. प्रश्न विचारल्यावर त्या किती सेकंद थांबतात. चुकीच्या उत्तरालाही त्या 'नाही' म्हणत नाहीत, 'अजून कोण सांगेल?' म्हणतात. यातलं काहीच वहीच्या रकान्यांत नव्हतं. शिक्षिका म्हणून मी जे शिकले त्यातलं बरंचसं त्या बाकावर शिकले.

म्हणून मी भाचीला म्हटलं, "निबंध बाजूला ठेव. त्या दिवशी त्या खोलीत तू कुठे उभी होतीस, तेवढं सांग."

"भिंतीजवळ. सिंकच्या बाजूला."

"मग काय दिसलं?"

मग जे बाहेर आलं ते निबंधात कुठेच नव्हतं. तिला आजींची भाषा येत होती हे खरं. ती पुढे सरसावलीही होती. पण त्या पीए बाईंनी हाताने थांबण्याची खूण केली आणि फोनवरून प्रशिक्षित दुभाष्याला जोडून घेतलं. भाचीला त्याचं वाईट वाटलं होतं. मी इथे असताना फोन कशाला? नंतर बाईंनी तिला समजावलं की घरी बोलता येणारी भाषा वेगळी आणि औषधाची मात्रा सांगताना लागणारी भाषा वेगळी. शिवाय ओळखीपाळखीच्या समाजातली मुलगी समोर असेल तर रुग्ण कदाचित सगळं सांगणार नाही. आपली आजी आपल्यासमोर डॉक्टरला काय काय सांगेल आणि काय गिळून टाकेल, याचा विचार करा. त्या बाईंचं म्हणणं लगेच पटेल.

"अजून?"

"त्या फोनकडे बघून बोलत नव्हत्या, आजींकडे बघून बोलत होत्या. छोटी छोटी वाक्यं. आणि शेवटी त्यांनी 'समजलं का?' असं विचारलंच नाही. म्हणाल्या, 'आता तुम्ही मला सांगा, घरी गेल्यावर गोळ्या कशा घ्याल.' आजींनी सांगितलं, तर ते चुकीचं होतं. मग त्यांनी परत समजावलं. परत विचारलं."

हे ऐकून माझ्यातली शिक्षिका जागी झाली. 'समजलं का?' हा जगातला सर्वांत निरुपयोगी प्रश्न आहे. साठ मुलांचा वर्ग एका सुरात 'हो मॅडम' म्हणतो आणि चाचणीत साठांपैकी चाळीस उत्तरं चुकतात. दवाखान्यात तर पेशंट डॉक्टरसमोर लाजेने मान हलवतो. तिकडे या पद्धतीला 'टीच-बॅक' म्हणतात. समजावून झालं की ऐकणाऱ्यालाच आपल्या शब्दांत सांगायला लावायचं. चूक निघाली तर ती आपल्या समजावण्याची मानायची, त्याच्या डोक्याची नाही.

"अजून काही?"

"एका गोष्टीबद्दल त्यांना खात्री नव्हती. त्या आजींना म्हणाल्या, 'हे मी डॉक्टरांना विचारून येते.' गेल्या, विचारून आल्या, आणि 'डॉक्टरांचं असं मत आहे' असं सांगितलं. हे मी निबंधात घेतलं नाही. त्यांचा कमीपणा दिसेल असं वाटलं."

मी म्हटलं, "अगं वेडे, तुझं उत्तर तेच आहे."

प्रश्न 'लोकांची सेवा का करायची आहे' असा नव्हताच. सेवा तर नर्सही करते, डॉक्टरही करतात, रुग्णवाहिकेचा चालकही करतो. प्रश्न होता पीएच का. आपल्याला काय येतं ते पूर्ण जबाबदारीने करायचं, जिथे येत नाही तिथे न लाजता विचारायचं, आणि विचारलं हे रुग्णापासून लपवायचं नाही. या पेशाचं सगळं सार त्या दोन मिनिटांत होतं. भाचीने ते भिंतीजवळ उभं राहून पाहिलं होतं. पण निबंधात भिंतीजवळ उभी राहिलेली मुलगी छोटी दिसते म्हणून तिने स्वतःला खोलीच्या मधोमध आणून उभं केलं. त्याबरोबर पाहिलेलं सगळं नाहीसं झालं आणि उरले फक्त अश्रू.

यावर भाचीचं म्हणणं होतं की स्पर्धा मोठी आहे, वाचणारे शेकडो निबंध वाचतात, साध्या गोष्टीकडे कोण बघणार? तिला कुणीतरी सल्ला दिला होता की पहिल्या दोन ओळींत वाचणाऱ्याला रडवायचं. तिची भीती मला समजते. तिचे अब्बा दुकानात उभं राहून नोकरी करतात. घरात कुणी डॉक्टर नाही. ज्यांच्या घरी, शेजारी, मशिदीतल्या पहिल्या सफमध्ये डॉक्टर आहेत, त्यांच्या मुलांना शॅडोइंग एका फोनवर मिळतं. हिने कितीतरी क्लिनिकना ईमेल पाठवले, बहुतेकांचं उत्तर आलं नाही. शेवटी ती ज्या औषधांच्या दुकानात काम करते तिथल्या ओळखीतून एका पीए बाईंपर्यंत पोहोचली. तिला मिळाले जेमतेम चोवीस तास. ज्यांना शंभर तास मिळाले त्यांच्यासमोर चोवीस तास मोठे दिसावेत म्हणून तिने त्यांत हवा भरली. ही व्यवस्था सरळ नाही, हे मी मान्य करते. काही अभ्यासक्रम शॅडोइंगचे तास सक्तीचे करत नाहीत, ते मला योग्य वाटतं.

पण हवा भरणं हा त्यावरचा इलाज नाही. व्यवहारानेही नाही, कारण अशा अर्जांच्या वाचकांत खुद्द पीए असतात. शॅडोइंगला आलेली मुलगी काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे त्यांना पाठ असतं. 'मी रुग्णाला समजावलं' असं वाचलं की त्यांना त्या मुलीची करुणा दिसत नाही, मर्यादा ओलांडलेली दिसते. चोवीस तासांत नीट पाहिलेली एक खोली शंभर तासांच्या यादीपेक्षा जास्त बोलते.

यापेक्षा महत्त्वाचं मला आजींचं वाटतं. क्लिनिकमध्ये पाऊल टाकण्याआधी भाचीकडून गोपनीयतेच्या कागदावर सही घेतली होती. अमेरिकेत १९९६ पासून 'हिपा' नावाचा कायदा आहे. रुग्णाची माहिती निनावी करायची तर कुठल्या अठरा प्रकारच्या खुणा काढायच्या, याची यादीच त्याच्या नियमांत आहे. नाव, पत्ता, फोटो या तर आल्याच, पण राज्याहून लहान ठिकाण, उपचाराची नेमकी तारीख यासुद्धा. वय ८९ च्या वर असेल तर तेही नेमकं लिहायचं नाही, कारण एवढ्या वयाची माणसं थोडी असतात आणि चटकन ओळखू येतात. भाची म्हणाली, "पण मी नाव कुठे लिहिलंय?" नाव नसलं तरी त्या गावात त्या भाषेच्या, त्या वयाच्या, त्या आजाराच्या आणि त्या धंद्यातला मुलगा असलेल्या आजी कितीशा असणार?

कायदा तर आहेच, पण आपल्याला हे सांगायला कायदा कशाला हवा? बैठकीत ऐकलेली गोष्ट अमानत असते, दुसऱ्याची झाकली मूठ झाकलेलीच ठेवावी, हे आपल्या घरांतून लहानपणापासून शिकवलं जातं. परदापोशी म्हणतो आपण त्याला. आजारी माणूस तर आधीच अर्धा उघडा पडलेला असतो. त्याने डॉक्टरला दार उघडलं आणि मागून आपण आत शिरलो. आपल्याला आत येऊ दिलं ही त्याची मेहरबानी. त्याबदल्यात त्याचं दुःख उचलून आपल्या अर्जाला जोडायचं?

आणि हे फक्त अमेरिकेतल्या मुलीला सुनवून भागणार नाही. रमजानमध्ये आपल्याकडे रेशन किट वाटले जातात. पाच जण हसत एक पिशवी धरतात आणि मधोमध घेणारी बाई दुपट्ट्याने चेहरा लपवत उभी असते. तो फोटो ईदपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरतो. सरकारी रुग्णालयात फळं वाटतानाचे फोटो तर पेशंटच्या पलंगाला टेकून काढलेले असतात. नेकी करणाऱ्याचा हेतू वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण त्या बाईला कुणी विचारलं का?

मला हे एवढं का लागतं, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गावर एक छात्राध्यापिका निरीक्षणासाठी येत होती. मुलगी मेहनती होती. तिने एका मुलाविषयी आपल्या फाइलमध्ये नोंद केली आणि फाइल टेबलावर विसरली. वह्या उचलायला आलेल्या नेमक्या त्याच मुलाने ती वाचली. वर्गात मराठी सर्वांत चांगलं त्यालाच वाचता यायचं. मधल्या सुट्टीत तो माझ्याकडे आला आणि विचारलं, "मॅडम, 'घरी शैक्षणिक वातावरण नाही' म्हणजे काय?"

मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही, म्हणजे चांगलं नसणार. त्याच्या आईला वाचता येत नव्हतं. पण रोज संध्याकाळी ती भाकऱ्या थापताना त्याला धडा मोठ्याने वाचायला लावायची आणि ऐकायची. एखादं वाक्य अडखळलं तर 'परत वाच' म्हणायची. पंधरा दिवस मागच्या बाकावर बसूनही त्या मुलीला हे कळलं नव्हतं, कारण तिने विचारलं नव्हतं. तिला फाइलमध्ये एक गरीब मुलगा हवा होता, तो तिला मिळाला. त्यानंतर कितीतरी दिवस त्या मुलाने वाचनासाठी हात वर केला नाही. आपण ज्यांच्याविषयी लिहितो ती माणसं वाचू शकतात, हे मी तेव्हापासून विसरलेले नाही.

भाचीला मी शेवटी तीनच गोष्टी सांगितल्या. जिथे उभी होतीस तिथेच उभी राहून लिही. पेशंटबद्दल अर्ध्या ओळीपेक्षा जास्त लिहू नकोस, पीए बाईंबद्दल भरपूर लिही, कारण तुला पेशंट व्हायचं नाहीये, पीए व्हायचंय. आणि लिहून झाल्यावर मनातल्या मनात तो कागद त्या आजींच्या हातात दे. त्यांनी तो आपल्या भाषेत ऐकला तर त्यांना मान खाली घालावी लागेल का? लागत असेल तर ते वाक्य काढ.

गावाचं दारिद्र्यही काढायला लावलं. त्यातून हजारभर अक्षरं वाचली.

दुसरा निबंध शेवटच्या अशऱ्यात आला. सुरुवात अशी होती की मी चोवीस तास भिंतीजवळ उभी होते आणि मला एकदा पुढे यायचं होतं, तेव्हा मला थांबवण्यात आलं. का थांबवलं हे तिला कसं समजलं, यावर पुढचा सगळा निबंध. त्यात अश्रू नव्हते. फोनवरचा दुभाष्या होता, दोनदा समजावलेल्या गोळ्या होत्या, आणि 'विचारून येते' म्हणणारी एक बाई होती. शेवटी तिने लिहिलं होतं की मला असं काम करायचं आहे ज्यात 'मला माहीत नाही' हे वाक्य म्हणायला परवानगी असते.

मी लाल पेन उचललं नाही. हे तिला प्रवेश मिळण्याआधी लिहिते आहे, मुद्दामच. प्रवेश मिळाला तर लोक म्हणतील खरं लिहिल्याचं फळ मिळालं. नाही मिळाला तर म्हणतील, बघा, खरं लिहून काय झालं? निकाल काहीही लागो, त्या आजींची अमानत तिने परत केली आहे. उद्या ती खोलीच्या मधोमध उभी राहील, पांढरा कोट घालून, तेव्हा कुणीतरी दुसरी मुलगी सिंकजवळ उभी असेल. तिला नेमकं काय दाखवायचं, हे माझ्या भाचीला आता ठाऊक आहे.